शब्द फक्त आम्हा चौघांना माहीत होता

आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी मला भोळी ठरवायला नको. चौकात उतरवून टाकलेला लिंबू-नारळ ओलांडून जाणारी बाई आहे मी. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. उज्जैनमध्ये राहून असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही म्हणजे हलवायाच्या घरात राहून साखर सोडण्यासारखं आहे, पण मी सोडली होती. इथे ज्याला भेटाल त्याच्याकडे एक किस्सा तयार असतो. कुणाच्या मागे कोणी चालत आलं, भैरवगढच्या रस्त्यावर कुणाची स्कूटर आपोआप बंद पडली... मी शांतपणे विचारते, "पेट्रोल बघितलं होतं का?" बहुतेक वेळा बघितलेलं नसतं.

तुमच्या ह्या सदरातले अनुभव आमच्या सासूबाई दुपारी मोठ्याने वाचतात आणि मी स्वयंपाकघरातून शेरे मारते. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर त्या समोर बसून गालातल्या गालात हसतायत. हसू देत. त्यांचा हक्क आहे.

तर गोष्ट गेल्या उन्हाळ्यातली, आणि उज्जैनपासून फार लांबची. पण तिची सुरुवात मात्र माधव नगरातल्या आमच्या घरातच होते, कारण आमच्याकडे एक रीत आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

माझे सासरे, आप्पा, बँकेतून रिटायर झाले. नोकरीत असताना आणि नंतरही, प्रत्येक सिंहस्थात ते रजा टाकून खोया-पाया केंद्रात बसायचे. म्हणजे मेळ्यात हरवलेल्या माणसांचा तंबू. लाउडस्पीकरवरून नावं पुकारायची, रडणाऱ्या पोरांना बिस्किटं द्यायची, आईबाप आले की ताबा द्यायचा. त्या तंबूत बसून आप्पांनी घरासाठी तीन नियम केले. एक - हरवलास की आहेस तिथेच मांडी घालून बसायचं. शोधायला निघायचं नाही. "हरवलेला पण फिरतोय, शोधणारा पण फिरतोय, तो फिर मिलेंगे कब?" असं आप्पा म्हणतात. दोन - कोणीही न्यायला आलं, अगदी पोलीस आला, तरी त्याने आपला आधी ठरलेला गुप्त शब्द सांगितल्याशिवाय उठायचं नाही. आणि तीन - शब्द दर वेळी नवा करायचा, आणि जे जाणार आहेत त्यांच्यापुरताच. घरी राहणाऱ्यांनाही सांगायचा नाही. "घरात बसलेल्याला शब्द कशाला हवा?"

लग्न होऊन आले तेव्हा मला हा सगळा प्रकार म्हणजे अतीच वाटायचा. पण मुलं झाली आणि मीही त्यात सामील झाले, कारण पोरांना हा खेळ भारी आवडतो. विशेषतः आमच्या धाकटीला. रेवा सहा वर्षांची आहे आणि नियम म्हणजे नियम! नानाखेड्याला एका लग्नात गर्दीत चुकली, तर कुल्फीच्या गाडीशेजारी गवतात मांडी ठोकून बसली. माझा सख्खा भाऊ तिला उचलायला गेला. त्याला शब्द माहीत नव्हता. बाईसाहेबांनी असा काही गळा काढला की चार लोक माझ्या भावाकडे संशयाने बघायला लागले. "ताई, ये लड़की है कि थानेदार?" असं तो अजून विचारतो.

आता प्रवासाबद्दल. माझ्या नवऱ्याची, शेखरची, आत्येबहीण म्युनिकला असते. तिने डोक्यात भरवलं, "मुलांना घेऊन युरोप बघायचंय ना? मग नदीवरच्या बोटीने जा. रोज बॅगा भरा-सोडा नको. हॉटेलच तुमच्याबरोबर चालतं." हे मला पटलं. दोन मुलांच्या बॅगा रोज भरायच्या म्हणजे सुट्टी कसली, शिक्षाच. तर डॅन्यूब नदी, जर्मनीतल्या पासाऊ गावातून निघून ऑस्ट्रियातून थेट बुडापेस्ट. शेखर, मी, तेरा वर्षांचा नचिकेत आणि रेवा.

खरं सांगायचं तर पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, फसलो! बोटीवर बहुतेक सगळे पांढऱ्या केसांचे पेन्शनर. पळायचं नाही, ओरडायचं नाही, आणि जेवण दोन-दोन तास चालतं. नचिकेत वायफाय शोधत फिरत होता. रेवाने मात्र बोट लगेच आपलीशी केली. नदीवर जागोजागी मोठमोठे दरवाजे असतात. बोट आत शिरते, मागचं दार बंद होतं, आणि पाणी उतरवून सगळी बोटच्या बोट खाली नेतात. आमची केबिन सगळ्यात खालच्या मजल्यावर. खिडकीबाहेर ओली सिमेंटची भिंत वर वर सरकत जायची आणि रेवा टाळ्या पिटायची, "बोट लिफ्टमध्ये बसली!" एक म्हातारे जर्मन आजोबा रोज तिच्यासाठी चॉकलेट खिशात ठेवायला लागले. आम्ही त्यांना उज्जैनची लौंग सेव दिली. त्यांचे डोळे जे पाणावले... पण पुन्हा मागून घेतली, हे विशेष.

पहिल्याच दिवशी केबिनमध्ये बसून मुलांनी नवा शब्द केला. अर्धा नचिकेतने, अर्धा रेवाने. त्याला काही अर्थ नाही, कुठल्याही भाषेत तो सापडणार नाही, आणि म्हणताना हसू येतं. तो मी इथे लिहिणार नाही. तर तो शब्द जगात फक्त आम्हा चौघांना माहीत होता. आप्पांनाही नाही.

आता बोटींचं एक सांगते. घाटावर जागा कमी असली की ह्या बोटी एकमेकींना चिकटून उभ्या राहतात. पहिली काठाला, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. दुसऱ्या बोटीच्या लोकांनी पहिलीच्या लॉबीतून आरपार जायचं, मधल्या छोट्या फळीवरून पलीकडे. हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी लिंझ गावी आमची बोट दुसरी होती. म्हणजे दिवसभर आम्ही परक्या बोटीतून आपल्या बोटीत जा-ये करत होतो, आणि रेवाला ते फारच आवडलं होतं - "लोकांच्या घरातून आपल्या घरी!"

दुसऱ्या दिवशी मेल्कला आमची बोट पहिली होती. काठाला. आणि तिला चिकटून दुसरी एक उभी होती, ती उलट्या दिशेने, पासाऊकडे निघालेली. दोन्ही बोटी आतून अगदी सारख्या. तीच लॉबी, तोच जिना, तोच जांभळट गालिचा. हे सगळं मला नंतर कळलं, तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

मेल्कला टेकडीवर मोठा पिवळा मठ आहे. तो बघून आम्ही दुपारी उतरलो. ऊन चांगलंच होतं. नचिकेतला बाथरूमची घाई, म्हणून आम्ही दोघं पुढे. शेखर रेवाला घेऊन मागून. बोटीच्या दारात आपलं कार्ड मशीनला लावायचं असतं, म्हणजे कोण परत आलं ते त्यांना कळतं. शेखरने स्वतःचं आणि रेवाचं, दोन्ही कार्डं लावली. तिथेच ते थंडगार ओले नॅपकिन आणि लिंबू सरबत देतात. शेखरने नॅपकिन तोंडावर घेतला. रेवा म्हणाली, "मी आईकडे जाते." शेखर म्हणाला, "जा."

मी वरच्या डेकवर नचिकेतबरोबर खुर्चीत पसरले होते. शेखर आरामात सरबत पिऊन वर आला. एकटा.

"रेवा?" मी विचारलं.

"तुझ्याकडे नाही?"

ज्याला मुलं आहेत त्याला ह्या दोन शब्दांचा अर्थ सांगायला नको.

पहिल्यांदा आम्ही घाबरलो नाही. केबिन बघितली, नाही. जेवणाचा हॉल, लायब्ररी, दोन्ही जिने, बायकांचं बाथरूम... नाही. जर्मन आजोबा त्यांच्या केबिनमधून बाहेर आले, तेही शोधायला लागले. मी रिसेप्शनवर धावले. तिथल्या मुलीने संगणकात बघितलं आणि गोड हसून सांगितलं, "काळजी करू नका मॅडम, तुम्ही चौघंही बोटीवर आहात." मी म्हटलं, अगं बाई, मशीनला काय कळतं? तिचं कार्ड बापाने लावलंय! ती पुन्हा म्हणाली, मुलगी बोटीवरच आहे, दार ओलांडून बाहेर गेलेली नाही.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. बोटीवर आहे म्हणतात, आणि बोटीवर नाही. मग उरतं काय? पाणी.

खोटं नाही सांगत, काउंटरची कड धरून उभी होते. डॅन्यूबचं ते हिरवट पाणी सकाळी मी किती कौतुकाने बघितलं होतं! शेखर कठड्यावरून वाकून वाकून बघत होता. नचिकेत मोठा असून रडायला लागला. मी त्या मुलीवर ओरडत होते - इंग्रजी संपलं, हिंदी सुरू झालं, मग मराठी. शेजारच्या बोटीचं इंजिन घरघरायला लागलं होतं. ती सुटायची वेळ झाली होती. माझं तिकडे लक्षच नव्हतं. दुसऱ्या बोटीशी आपला काय संबंध?

संबंध होता. रेवाला वाटलं होतं, काल होतं तसंच आजही. पहिली बोट लोकांची, दुसरी आपली. ती आमच्याच लॉबीतून, माझ्या पायाखालून, घाईने पलीकडे निघून गेली होती. तिथल्या प्रवाशांच्या घोळक्यात आजी-आजोबांमागे चालणारी पोर कुणाला खटकणार! तशीच जिना उतरून खालच्या मजल्यावर, आमच्याच नंबरच्या केबिनसमोर. दार उघडेना. मग तिला दिसलं की भिंतीवरचं चित्र वेगळं आहे. कळलं, आपण हरवलो.

मग तिने काय केलं? आप्पांची नात ती. तिथेच गालिच्यावर मांडी घालून बसली.

मेळ्यात हा नियम सोन्यासारखा आहे. पण आप्पांच्या नियमात एक गोष्ट गृहीत होती - की पोर जिथे बसलंय ती जागा हलणार नाही.

मी काउंटरशी उभी होते, तोंड नदीकडच्या दाराकडे. ते दार उघडं होतं. पलीकडे दुसऱ्या बोटीचं दार, मध्ये हातभर लांबीची फळी. तिकडचा खलाशी फळीची साखळी सोडायला वाकला होता. आणि त्याच्या मागून, आतल्या अंधारातून, रेवा चालत आली.

इथून पुढचं मी जसं दिसलं तसंच लिहितेय. रेवा एकटी होती. तिचा उजवा हात वर होता, खांद्याच्याही वर, मूठ अर्धी मिटलेली. लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना हात असतो ना, तसा. खलाशी सरळ उभा राहिला. एका पोरीला जायला जेवढी जागा लागते त्याहून जास्त जागा देत मागे सरकला. हसून मान लववली. पण रेवाकडे बघून नाही. तिच्या डोक्याच्या वर, मोठं माणूस असतं तिथे बघून. रेवाने फळी ओलांडली. आमच्या दारात आल्यावर तिचा हात खाली आला. तिने मागे वळून टाटा केला आणि मला बघून म्हणाली, "आई, तू का ओरडतेस?"

दोन धपाटे घालावेत की पापे घ्यावेत, मला कळेना. दोन्ही केलं. लॉबीत खाली बसूनच तिला पोटाशी धरलं आणि भोकाड पसरलं, चारचौघांत, केमिस्ट्रीच्या बाईने! मागे फळी ओढल्याचा आवाज झाला. बोट सुटली. शेखर धावत आला तोवर दोन बोटींमध्ये पाणी दिसायला लागलं होतं. सुटले, सुटले, सुटले - एवढंच मी म्हणत होते म्हणे. मला आठवत नाही.

केबिनमध्ये नेऊन, पाणी पाजून, मग विचारलं.

"कुणाबरोबर आलीस?"

"काकूबरोबर."

"कुठली काकू?"

"काकू ग! आधी एक गोरी ताई आली, ड्रेसवाली. ती इंग्लिशमध्ये बोलली, चल चल. मी नाही गेले. तिने शब्द नाही सांगितला." इथे बाईसाहेबांनी शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं. "मग ती गेली. मग काकू आली. तिने शब्द सांगितला."

शेखरने आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"कुठला शब्द?"

रेवाने तो म्हटला. पूर्ण. नचिकेतचा अर्धा आणि तिचा अर्धा.

"मग म्हणाली, 'उठ गं पटकन, बैठी क्या है, आई वर हैराण होतेय.'"

माझ्या अंगावर काटा आला तो इथे. हे अर्धं मराठी, अर्धं हिंदी पुण्याचा माणूस बोलत नाही, नागपूरचा वेगळं बोलतो. हे आमच्याकडचं आहे. आमच्या गल्लीतलं.

"दिसायला कशी होती?"

"साडीवाली. आपल्या चादरीसारखी साडी."

आमच्या घरच्या चादरी भैरवगढच्या छाप्याच्या आहेत, तांबड्या-काळ्या. ती साडी नेसलेली बाई मेल्कच्या घाटावर असती, तर मला टेकडीवरून दिसली असती!

आता मी मीच आहे, त्यामुळे गप्प बसले नाही. बोटीच्या मॅनेजर बाईंना गाठलं. त्यांनी बिचाऱ्यांनी दुसऱ्या बोटीला फोन लावला. तिथल्या एका कर्मचारी मुलीने सगळं खरं म्हणून सांगितलं. खालच्या मजल्यावर एक मुलगी मांडी घालून बसली होती, बोलेना, उठेना, म्हणून ती वर कळवायला गेली. परत येऊन बघते तर जागा रिकामी. साडीतली बाई? त्या बोटीवर भारतीय प्रवासी एकही नव्हता, नोकरीलाही नाही. आमच्या बोटीवर आमच्याखेरीज एक गुजराती जोडपं होतं, दोघंही जीन्समध्ये, आणि दोघंही त्या वेळी डेकवर पत्ते खेळत होते. त्या खलाशाशी बोलायचं राहिलं. फोनवर त्याला कोणी शोधून दिलं नाही.

शेखर म्हणतो, रेवा स्वतःशीच शब्द पुटपुटत असेल आणि कुणीतरी ऐकला. ऐकला असेल! पण मग 'आई वर हैराण होतेय' हे कुणी म्हटलं? नचिकेतची मी उलटतपासणी घेतली. त्याने कुणाला सांगितला नव्हता, आणि सांगणार तरी कुणाला? रेवा आपलीआपण उठून आली आणि काकू मनाने रचली, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगून बघितलं. जी पोर सख्ख्या मामाबरोबर उठली नाही, ती?

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळे अल्बम काढले. गेलेल्या सगळ्या बायका रेवाला दाखवल्या - आजेसासूबाई, मावश्या, एक लांबची आत्या. रेवा प्रत्येकीवर मान हलवत गेली. "ही नाही. ही पण नाही. आजी, काकू म्हातारी नव्हती." सासूबाई जरा हिरमुसल्याच.

आप्पांना मी विचारलं, "तुमच्या तंबूत असं कधी झालं होतं का हो?"

आप्पा चहा पीत होते. म्हणाले, "पोरं आणून बसवलेली असायची, सूनबाई. कोणी आणली, हे विचारायला फुरसत कुणाला होती? मिल गई ना बच्ची? बस." आणि बशीतला चहा फुंकत राहिले. पण नात त्यांच्या नियमापायी परगावी जाता जाता वाचली, हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. आता नियमात त्यांनी एक भर घातली आहे: गाडी, बोट, आगगाडी असेल तर बसायचं नाही, ओरडायचं.

ह्या सगळ्याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मी भूत म्हणणार नाही, देवी म्हणणार नाही. मला काही माहीत नाही, आणि 'माहीत नाही' असं लिहायला केमिस्ट्रीत लाज नसते. माझी पोर माझ्या शेजारी बसून चित्र रंगवतेय, एवढं मला माहीत आहे. रोज सकाळी तिची वेणी घालताना मला बरं वाटतं, इतकं बरं वाटतं की मी हल्ली शेरे मारायचे विसरते.

परवा क्षिप्रेकाठच्या कार्तिक मेळ्याला निघायचं होतं. रिवाजाप्रमाणे सगळे बाहेरच्या खोलीत शब्द करायला बसले. आप्पा आणि सासूबाईसुद्धा, कारण ह्या वेळी तेही येणार होते. नचिकेत म्हणाला, "जुना तर लीक झालाय. बाहेरच्या कुणाला तरी माहीत आहे. नवीन करू."

रेवा लगेच विचार करायला लागली.

"नको," मी म्हणाले. "हाच ठेवू या. आप्पा, तुम्हाला आणि आईंना आता सांगते, पण बदलायचा नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेखर तर आ वासून.

"अगं पण का?"

"बदलला तर तिला कोण सांगणार?"